आजोबांची आठवण जपायची असेल तर आधी माणसं गाठा

आजोबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांचं कपाट उघडलं. सतरा चषक, दोन शिट्ट्या, गाठी मारलेली एक लांबलचक दोरी, चार अल्बम, तीन कॅसेट आणि गुणपत्रिकांचा गठ्ठा. मला वाटलं, एवढं नीट लावून ठेवलं की झालं. चषक पुसले, रांगेत मांडले, फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. दोन दिवसांनी त्याच रांगेकडे बघताना जाणवलं की हे बघून परक्या माणसाला एवढंच कळेल, या गृहस्थांचा कबड्डीचा संघ बऱ्याचदा जिंकायचा. ज्या चांगुलपणासाठी लोक त्यांना अण्णा म्हणत, तो त्या कपाटात कुठेच नव्हता. गुणपत्रिकेत चढाईला रकाना असतो, पकडीला असतो, लोणाला (समोरचा अख्खा संघ बाद करण्याला) असतो. हरलेल्या पोराला कोण घरापर्यंत सोडून आलं, याला नसतो. ते फक्त त्या पोराला माहीत असतं, आणि ते पोर आता पासष्टीला आलेलं असतं.

तुमच्याही घरात असे एखादे आजोबा असतील, खेळात रमलेले आणि माणसांत रमलेले, आणि त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मनात असेल, तर मी वर्षभरात जे केलं आणि जे चुकले ते इथे सांगते. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकते. पहिले तीन महिने मी फोटो स्कॅन करत बसले. आजोबांबरोबर पहिल्या संघात खेळलेले एक गृहस्थ होते, त्यांना मी दोनदा फोनवर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नक्की येते." तिसऱ्यांदा फोन त्यांच्या सुनेने उचलला. फोटो आणखी दहा वर्षं अल्बममध्ये राहिले असते तरी बिघडलं नसतं.

यादी वयाने करा, मानाने नाही

आजीजवळ बसून मी नावं काढली. अल्बम उघडायचा, एका-एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं, आणि आजी म्हणेल ते लिहायचं. त्रेचाळीस नावं झाली. साहजिकच वर आली ती गाजलेल्या खेळाडूंची, पुढे मोठ्या हुद्द्यावर गेलेल्यांची. ती यादी मी फाडली आणि वयानुसार नवी केली. ज्यांची तब्येत बरी नाही ते सगळ्यात वर. अशा कामात याखेरीज दुसरा क्रम नको.

आणि चांगल्या खेळाडूंकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. त्यांना स्वतःचा खेळ आठवतो. मला सगळ्यात जास्त मिळालं ते राखीव खेळाडूंकडून. कबड्डीत बारा जणांच्या संघातले सात मैदानात उतरतात, पाच बाहेर बसतात. बाहेर बसलेल्याच्या शेजारी कोण बसतं? प्रशिक्षक. वर्षानुवर्षं ते पाच जण आजोबांच्या बाजूला बसून त्यांची कुजबुज ऐकत होते. तसंच प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाला भेटा, आजोबांच्या निर्णयावर चिडलेल्या माणसाला भेटा, मैदान आखायला येणाऱ्याला भेटा, खेळाडूंच्या बायकांना आणि बहिणींना भेटा. एकूण माझ्या सव्वीस भेटी झाल्या. त्यातली निदान पाच नावं मूळ यादीत नव्हतीच, एकाने दुसऱ्याचं सांगितलं म्हणून मिळाली. म्हणून प्रत्येक भेटीच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला ठेवा: "आणखी कुणाला भेटू?"

देवमाणूस या शब्दाचं काय करायचं

"अण्णा कसे होते हो?" असं विचारलंत की उत्तर येतं, "देवमाणूस!" समोरचा मनापासूनच म्हणतो, पण त्या शब्दानंतर बोलणं संपतं. पहिल्या सहा भेटींच्या टिपणांत माझ्याकडे सहा वेळा देवमाणूस, चार वेळा प्रेमळ आणि एकदा दिलदार असं जमलं होतं. आजोबांच्या जागी कुणाचेही आजोबा बसवा, वाक्यं तशीच चालतील.

मग मी प्रश्न बदलले. तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा ते कुठे उभे होते? हातात काय होतं? सामना हरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचे? तुमच्यावर कधी चिडले का, कशावरून? तुम्हाला त्यांनी कोणत्या नावाने हाक मारली? एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले असं आठवतं का? असे प्रश्न ऐकले की माणूस विशेषणं सोडतो आणि आठवायला लागतो. डोळे वर जातात, हात हलायला लागतात. तेव्हा मध्ये बोलू नका. शांतता असह्य झाली तर मनात दहापर्यंत आकडे मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला बरेचदा खरी गोष्ट येते.

एका भेटीचं सविस्तर सांगते. साठीचे गृहस्थ, चांगले सुस्थित. अर्धा तास झाला तरी गाडी "फार केलं हो त्यांनी आमच्यासाठी" याच्यापुढे सरकेना. मी विचारलं, "सराव घेताना आजोबा कुठे उभे राहायचे?" ते म्हणाले, "बाकीच्यांच्या वेळी मध्यरेषेवर. माझ्या वेळी पाठ करून." मी गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी ते बोलताना अडखळायचे. आणि कबड्डीत तर चढाई करणाऱ्याने एका दमात, स्पष्ट ऐकू येईल असं कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं. दम तुटला की चढाई गेली. पोरं हसायची. आजोबांनी त्यांना सगळ्यांच्या नंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली. म्हणायचे, "तू म्हण, मी नुसतं मोजतो." आणि पाठ फिरवून उभे राहायचे, लांब कुठेतरी बघत, हाताची बोटं मागे धरून त्यावर मोजत. "त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "म्हणून जमलं."

तालात, एका सुरात म्हणताना अडखळणाऱ्या अनेकांची जीभ मोकळी होते, हे आज सगळीकडे सांगितलं जातं. आजोबांना ते कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. त्यांना एवढंच कळलं असावं की बघणारं कुणी नसलं की पोराला सोपं जातं. त्या गृहस्थांना आजही महत्त्वाचा फोन करायचा असला की आधी मनात तीनदा कबड्डी म्हणावं लागतं. निघताना त्यांनीच विचारलं, "हे लिहाल का?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तर. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाले, नाव न घालता.

नंतर आणखी दोघांनी आपणहून सांगितलं की अण्णा कधीकधी पाठ करून उभे राहायचे. त्यांना वाटायचं, कंटाळले असतील.

रेकॉर्डिंगचं तंत्र मोजकंच आहे. फोन पुरतो. तो एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतो. पंखा बंद करा. माझ्या पहिल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये आजोबांच्या मित्रापेक्षा पंखाच जास्त बोलतोय. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे टेबलावर आपटलेला हात आत घुमत नाही. सुरुवातीला तारीख आणि दोघांची नावं आपल्या तोंडाने म्हणा. अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच पुढे जा. पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नका, वयस्कर माणसं थकतात पण सांगत नाहीत. परवानगी आधी घ्या आणि शेवटी पुन्हा एकदा घ्या, कारण बोलून झाल्यावर माणसाला कळतं की आपण काय बोललो. आणि त्याच रात्री फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा. माझा फोन एकदा जिन्यावरून पडला, त्यात दोन भेटी होत्या. एकीची पुन्हा भेट झाली. दुसरी नाही झाली.

ऐकून उतरवताना त्यांची भाषा दुरुस्त करू नका. म्हातारी मंडळी कबड्डीला हुतूतू म्हणत असतील तर हुतूतूच लिहा.

मग कपाटाकडे वळा

वस्तूंच्या बाबतीत माझा सल्ला बहुतेक ठिकाणी एकच आहे: हात आवरा. चषक चकचकीत करायचा मोह होतो. पितळी किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या चषकाला दर वेळी पॉलिश लावून घासलं की थोडा थर निघून जातो, आणि त्याच्याबरोबर कोरलेली अक्षरंही उथळ होतात. मी एक चषक असा घासला आणि त्यावरचं साल निम्मं गेलं. कोरडं मऊ फडकं पुरे. अक्षरं वाचता येत नसतील तर खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूने, अगदी तिरका धरा. खोबणीत सावली पडते आणि नाव उठून दिसतं. तसाच फोटो काढा.

गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यातून आधी गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढा. नखाने ओढू नका, कागद फाटतो. पिनेचे पाय मागून सरळ करून हळूच सोडवा. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं स्वतः पिवळी पडतातच, शिवाय शेजारच्या कागदालाही डाग देतात, तेव्हा त्यांना वेगळं पाकीट. सेलोटेप कुठेही, कशालाही लावू नका. दहा वर्षांनी टेप सुटते आणि तपकिरी पट्टा राहतो.

अल्बम हे प्रकरण जरा नाजूक आहे. आमच्या चारपैकी दोन अल्बम चिकट पानांचे होते, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले. एकेकाळी ते घरोघरी होते आणि फोटोंचे ते वैरी आहेत. गोंद फोटोला घट्ट धरून बसतो. कोपरा पकडून ओढलात तर फोटो वाकतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा बारीक दोरा, फ्लॉस, फोटोच्या एका कडेखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरीही निघत नसेल तर पानासकट तसाच स्कॅन करा आणि सोडून द्या. सूड उगवायची ही जागा नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) करा. साध्या ४ बाय ६ इंचांच्या फोटोची मग २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रतिमा होते, ती छापताना दुप्पट मोठी केली तरी स्वच्छ दिसते. गटाच्या फोटोत मागच्या रांगेतला चेहरा मोठा करून बघायचा असतो, तेव्हा हे कामाला येतं. निगेटिव्ह सापडल्या तर त्या फोटोपेक्षाही मोलाच्या समजा. फोटोच्या मागे नावं लिहायची तर बॉलपेन नको, दाबाने पुढे उठतं. मऊ शिसपेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. अलीकडच्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, त्यांना पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा. नावं डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार. ज्याचं नाव लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज लिहू नका. तुमचा अंदाज पुढच्या पिढीत पुरावा होतो. आणि नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो आणि पुढे लोक तीच आकसलेली प्रत जपून ठेवतात.

फोटो दुरुस्त करून घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करा. मी एक फोटो असा करून घेतला. परत आला तो छान, गोरापान, रंगीत. भुवईवरचा व्रण गायब. तो व्रण पकडीत एका पोराचं डोकं लागून झालेला, आणि त्या पोराला आजोबा आयुष्यभर "माझा डॉक्टर" म्हणायचे, कारण त्याच्यामुळे टाके पडले. व्रण काढला की ती गोष्टच गेली. आपोआप फोटो सुधारणारी हल्लीची साधनं तर नसलेले दात आणि डोळेही स्वतःच भरतात. हवी तर सुधारलेली प्रत ठेवा, पण मूळ स्कॅनच्या जागी नको.

कॅसेटचं थोडं जास्त बोलते, कारण आवाज हा एकच माल असा आहे जो दुसरीकडे कुठे मिळत नाही. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे चौकोन असतात. ते आधी तोडा. मग चुकूनही त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. आत बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील तर वाजवू नका, जाणकाराकडे न्या. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग वाजवतानाच संगणकावर उतरवा. पुन्हा वाजवायला मिळेल हे धरून चालू नका. आमच्या तीनपैकी दोन कॅसेटवर गाणी निघाली. तिसरीवर कुणीतरी सामन्याचं समालोचन टेप केलं होतं. लोकांचा गलका, शिट्टी, आणि मग खूप जवळून आजोबांचा आवाज, कुणाला तरी म्हणताहेत: "घाई नको. आधी श्वास घे, मग ऊठ." पाच-सहा सेकंद. पकडीत आपटलेला पोरगा असणार, आणि तो कोणत्या संघाचा ते काही कळत नाही. मी ते घरातल्या सगळ्यांना ऐकवलं. आजीने दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा बंद करायला लावलं.

सगळ्याच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलीचं नाव तारखेपासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

दंतकथा तपासा, पण फेकू नका

कबड्डीच्या माणसाभोवती कथा फार जमतात. आमच्याकडे ठाम समजूत होती की आजोबांच्या हाताखालचा एक खेळाडू १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. तीन माणसांनी मला हे सांगितलं, एकाने पदक पाहिल्याचंही सांगितलं. पण १९८२ ला दिल्लीत कबड्डी फक्त प्रात्यक्षिक म्हणून होती. पदकांचा खेळ म्हणून ती आली १९९० ला, बीजिंगमध्ये. मग खोदून विचारलं. तो खेळाडू दिल्लीला गेला होता हे खरं, पण प्रेक्षक म्हणून. परत आल्यावर त्याने तीन संध्याकाळ मैदानात पोरांना उभं करून ते सामने चढाईगणिक खेळून दाखवले, आणि आजोबा शिट्टी घेऊन मधे उभे राहिले. मला विचाराल तर ही गोष्ट पदकापेक्षा चांगली आहे. या सगळ्या आठवणी मी एका वहीत उतरवत होते, तिच्यात मी दोन्ही लिहिल्या: लोक काय सांगतात ते, आणि सापडलं काय ते.

उलटंही होतं. आजोबा पोरांना नेहमी सांगायचे की आपला खेळ १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत दाखवला गेला. मी लहानपणापासून ती थाप समजत होते. ती खरी निघाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती.

आजीची बाजू

हा भाग टाळू नका. सगळ्यांना भेटून झाल्यावर, सगळ्यात शेवटी, मी आजीसमोर फोन ठेवला. तिने आधी विचारलं, "खरं सांगू का छापायचं सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, "साऱ्या मैदानाचे गुडघे बांधले त्यांनी. माझा गुडघा दुखतो हे त्यांना डॉक्टरांकडून कळलं." आणि आत्या म्हणाली की मुलींचा संघ काढा असं ती चार वर्षं मागे लागली होती, आजोबा हसून टाळत राहिले. पुढे काढला त्यांनी संघ, पण तोवर तिचं लग्न झालं होतं.

माझे काका म्हणाले, हे कशाला घालायचं. दोन आठवडे घरात यावरून धुसफूस चालली. शेवटी आजीच म्हणाली, "घाल. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी नव्हतेच." ते पान आता वहीच्या मधोमध आहे, कडेला नाही. निव्वळ गोड लिहिलेली आठवण वाचणारे पहिल्या पाच पानांत मिटून ठेवतात, आणि ज्यांनी त्या माणसाबरोबर संसार केला ते मनातून दूर होतात. पण एक पथ्य पाळा: घरातली तक्रार ज्याची आहे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच संमतीने. तुम्ही वकील होऊ नका, न्यायाधीशही नाही.

लिहिताना एक गोष्ट एका पानावर संपवली. वर कुणी सांगितलं, कधीच्या सुमाराची गोष्ट, एवढंच. प्रस्तावना मी तीनदा लिहिली आणि तीनदा काढली. एकूण बासष्ट पानं झाली, आणि शेवटची आठ मुद्दाम कोरी ठेवली.

एक दिवस मैदानावर

वही घरात राहते. खेळाच्या माणसाची आठवण खेळातच बरी वाटते, म्हणून वर्षभराने आम्ही सामने ठेवले. मोठी स्पर्धा भरवू नका, तिच्या वर्गण्या, बॅनर आणि रुसवेफुगवे यांत आजोबा हरवतात. चार संघ पुरे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर सहा सामने होतात. पुरुषांच्या कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधे पाच मिनिटं; म्हणजे संघ येणं-जाणं धरून तासाला एक सामना. सहा तास पुरे मैदान लागतं, आणि दुपारची उन्हाची वेळ त्यात धरू नका. पाच संघ केलेत तर सामने एकदम दहा होतात, तेव्हा पाचव्याला प्रेमाने नाही म्हणा, किंवा डाव लहान करा.

नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, अंगाला तेल नाही, हे तीन आधी बघा. मैदानातले खडे वेचायला लहान मुलांना लावा, ती ते मन लावून करतात. प्रथमोपचाराची पेटी, बर्फ, भरपूर पाणी, आणि गंभीर दुखापत झाली तर कुणाची गाडी निघेल हे आधी ठरवून ठेवा. प्रमुख पाहुणे आम्ही बोलावले नाहीत. भाषण कुणी केलंच तर एका चढाईएवढं, म्हणजे तीस सेकंद. नियम नेहमीचेच, घरचा एक जास्तीचा: बारापैकी प्रत्येकाने मैदानात उतरलंच पाहिजे. आजोबा हे न बोलता करायचे, सामना हातचा जात असला तरी. एका संघाला ते पटलं नाही. ते खेळले, हरले, आणि नाराज होऊन गेले. पुढच्या वर्षी बोलवावं की नाही यावर आमचं अजून ठरत नाहीये.

मैदान आखायचं काम मात्र उसनं करून घेऊ नका. कपाटातल्या त्या दोरीचा उलगडा मला तिथे झाला. तिला तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतराने गाठी होत्या. दोरीचा त्रिकोण करून ताणला की तीन आणि चारच्या बाजूंमध्ये बरोबर काटकोन होतो. आजोबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण मैदानाचा कोपरा कधी चुकला नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मधे मध्यरेषा, प्रत्येक बाजूला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायची ती), तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा (जास्तीच्या गुणाची). दोन्ही लांब कडांना एक-एक मीटरची लॉबी, म्हणजे कडेचा पट्टा, ती दहा मीटरच्या आतच धरायची. महिलांचं मैदान १२ बाय ८, आणि निदान रेषा तीन मीटरवर. फक्की टाकायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा. १३ बाय १० ला कर्ण १६.४० मीटर यायला हवा, १२ बाय ८ ला १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर मैदान तिरकं झालंय.

पहाटे सहाला आम्ही आठ जण होतो. दोरी धरायला माझ्या चुलत भावाचा मुलगा होता, वय वर्षं अकरा. आजोबांची त्याला फारशी आठवण नाही. एक कर्ण १६.४० आला, दुसरा १६.५२. वीतभरही फरक नाही. मी म्हटलं, चालेल रे, कुणाला दिसणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, खाली बसला आणि खुंटी उपटली.